धडा

शाळेतल्या आरोग्य तपासणीचं कार्ड
तू कंपासपेटीत घडी घालून ठेवलं होतंस,
कोनमापकाच्या खाली.
पेन्सिल शोधताना मला सापडलं.
उंची एवढी, वजन एवढं,
आणि पुढे निळ्या शाईत, घाईघाईत:
जास्त. पालकांनी लक्ष द्यावे.

मी भद्रकालीत वजनकाटे दुरुस्त करतो, पर्णिका,
एकोणीस वर्षं.
कांद्याचे, द्राक्षांच्या पेट्यांचे,
आणि सोनाराचा, जो नुसत्या श्वासानंही हलतो.
कुणी पारड्याखाली चिंच चिकटवलीय
हे मला हात लावताच कळतं.
आणि तुझा डबा तीन दिवस
जसाच्या तसा परत येतोय,
हे तुझ्या आईनं सांगेपर्यंत कळलं नाही.

शनिवारी तू दुकानात आलीस.
मी आत डाग देत बसलो होतो,
तुला वाटलं, बघत नाही.
पोती चढतात त्या काट्यावर
आधी चपला काढून उभी राहिलीस.
उतरलीस. हेअरबँड काढून पुन्हा चढलीस.
मग कानातले काढलेस,
ज्वारीच्या दाण्याएवढे,
आणि श्वास रोखलास.

त्या काट्याला शंभर ग्रॅमच्या खालचं
काही दिसत नाही, बाळा.
हे म्हणायचं होतं.
मी म्हणालो, चहा घेणार का?

कुठल्या तोंडानं बोलू?
दिवाळीत आत्या तुला बुंदीचा लाडू म्हणाली
तेव्हा सगळ्यात मोठ्यानं हसलो तो मी.
सकाळी उठवताना, चला, पोतं हलवा,
असं रोज म्हणणारा मी.
रात्री दुकान बंद करून येताना
क्रीमरोलचा पुडा आणणारा, तोही मीच.
चिंच मीच चिकटवली होती.

बुधवारी म्हटलं, रिक्षा नको.
मुंबई नाक्यावरून पायी गेलो आपण
गोदाकाठच्या बाजाराला.
किती राहिलं, तू दोनदा विचारलंस.
मी मनात चारदा.
गवार घेतली, आंबट चुका घेतला,
तू निवडून निवडून कोवळ्या काकड्या घेतल्यास.
पेरूवाल्या मावशींनी एक पेरू चिरला,
तिखटमीठ लावून तुझ्यापुढे धरला,
आणि तू माझ्याकडे बघितलंस.
खाऊ का?

पेरूसाठी कुणी असं विचारतं?

गाडगे महाराज पुलाच्या कठड्याशी
पिशव्या खाली ठेवल्या मी.
म्हणालो, ऐक.
तेल मोजायच्या आधी
रिकाम्या डब्याचा धडा करतात.
डब्याचं वजन तेलात धरायचं नसतं.
आत्याचा लाडू, कार्डावरची शाई, माझं ते पोतं,
हा सगळा डबा.
तो तुझ्यात धरू नकोस.

मग मी किती?
तू विचारलंस.

खाली कुणीतरी घोंगडी धूत होतं.
मला उत्तर येईना.
म्हणून साधं तेवढं बोललो:
भूक लागली की जेवायचं,
पोट भरलं की ताट सारायचं, मी काही बोलणार नाही.
उपाशी राहायचं नाही, कुणासाठीच.
क्रीमरोल रविवारी, मलाही रविवारीच.
आणि संध्याकाळी माझ्यासोबत चालायला ये,
मला दम लागतो,
एकट्यानं लाज वाटते.

आणि मिसळ?
मिसळीचं कोण काय म्हणालं?
तू पहिल्यांदा हसलीस,
नाकात तिखट गेल्यासारखी.

परतताना दुकान उघडायला लावलंस.
आधी तू चढ, बाबा.
चढलो, चपलांसकट.
एक्याण्णव पूर्णांक चार.
बिघडलाय, म्हणालीस.
माझ्या दुकानात बिघडलेला काटा नसतो, म्हणालो,
आणि पोट आत घेतलं.

तू चढली नाहीस.
कागदात उरलेली पेरूची एक फोड
मधोमध ठेवलीस.
काटा शून्यावरच.
बघ, म्हणालीस,
आणि ती उचलून
बियांसकट चावायला लागलीस.